नाताळची खाण्यापिण्याची खरेदी १० हजारांत बसवायची आहे. कात्री कुठे लावावी?

अगम्य_हिशेब (२२ नोव्हेंबर, रात्री ९:४०)

मंडळी, नाताळची खरेदी यंदा आधी कागदावर मांडून मगच बाजारात जायचं ठरवलं आहे. घरात सहा माणसं. शेजारी आणि ओळखीपाळखीत फराळाची २० ताटं जातात. २५ तारखेला दुपारी जेवायला १४ जण, त्यांत चार मुलं. त्याआधी एका रात्री चर्चची कॅरलची (घरोघरी नाताळची गाणी गाणारी) मंडळी येणार, साधारण २५ जण. ढोबळ अंदाज असा:

फराळ आणि केक ४,०००
२५ तारखेचं जेवण ४,८००
कॅरलची मंडळी १,०००
इतर (थंड पेयं, दूध-दही, बर्फ, कागदी डिशा, ऐनवेळचं) २,२००

एकूण १२,०००. बसवायचं आहे १० हजारांत. सरळ उपाय हाच दिसतो की ताटं २० वरून १० करावीत. बरोबर आहे का? अजून कुठे कात्री लागू शकते?

पोळपाट (२२ नोव्हेंबर, रात्री ९:५८)

ताटं कमी करू नका हो. दिवाळीला ज्यांच्याकडून भरलेलं ताट येतं त्यांना नाताळला रिकामं कसं पाठवणार?

निवांत (२२ नोव्हेंबर, रात्री १०:०५)

वाचतोय. बजेट मांडणाऱ्याने घरातल्या ज्येष्ठ बाईंचा अंदाज विचारात घेतलेला दिसत नाही. आमच्याकडचं सूत्र: एक्सेलमधला आकडा गुणिले दीड.

तराजू (२२ नोव्हेंबर, रात्री ११:२०)

अगम्य, ताटं कमी करण्याआधी एका ताटाचा खर्च काढा. बहुतेक लोक तो काढतच नाहीत आणि फराळाच्या नावाने बोटं मोडतात.

एका ताटात ४ करंज्या, ८० ग्रॅम शंकरपाळी किंवा कुलकुल, ३ नानकटाया आणि केकचा ५० ग्रॅमचा काप धरू. करंजीचा हिशेब पूर्ण मांडतो. भाव हिशेबापुरते धरले आहेत, तुम्ही तुमच्या दुकानाचे घाला.

१ किलो मैदा ४५ रुपये, मोहनाला १५० ग्रॅम तूप १००, भिजवायला ४०० मिली दूध २५. सारणात सुकं खोबरं ३५० ग्रॅम १२५, पिठीसाखर ३५० ग्रॅम २०, भाजलेला रवा १०० ग्रॅम ५, काजू तुकडा आणि बेदाणे मिळून ७५ ग्रॅम ५५, तीळ-वेलदोडा १५. तळताना करंज्या जे तेल पितात ते अंदाजे २५० ग्रॅम, ४० रुपये. बेरीज ४३०. लाटी २० ग्रॅमची धरली तर ७५ ते ८० करंज्या होतात. म्हणजे एक करंजी साडेपाच रुपयांच्या आसपास.

याच पद्धतीने ८० ग्रॅम शंकरपाळी १२ रुपये, साजूक तुपातल्या तीन नानकटाया भट्टीची मजुरी धरून १६, रममधल्या सुक्यामेव्याच्या केकचा काप २२. ताट झालं ७२ रुपयांचं, कागदी डबा धरून ८०. वीस ताटं १,६००. दहा कमी केलीत तर वाचतात फक्त ८००, आणि दहा घरांशी संबंध बिघडतात तो वेगळा खर्च.

घरच्यांना आठवडाभर पुरेल असा आणखी तीन किलो फराळ धरला तरी सगळं मिळून २,४०० च्या आसपास जातं. तुमचे ४,००० कुठून आले ते आधी सांगा.

सुगरण_नाही_मी (२२ नोव्हेंबर, रात्री ११:३१)

तराजूकाका, गॅस राहिला!

तराजू (२२ नोव्हेंबर, रात्री ११:४४)

राहिला खरा. घरगुती शेगडीचा मोठा बर्नर तासाला साधारण पाव किलोच्या आतच गॅस जाळतो. तळणीचे एकूण आठ तास धरले तरी दीड-पावणेदोन किलो. १४.२ किलोच्या सिलिंडरचा आठवा भाग. शंभर-सव्वाशे रुपये लिहून ठेवा. मजुरीचा हिशेब मी मांडणार नाही, घरात राहायचं आहे.

अगम्य_हिशेब (२३ नोव्हेंबर, सकाळी ८:१५)

फराळाच्या ४,००० मध्ये हे आहे: अख्खा काजू १ किलो, बदाम अर्धा किलो, खसखस पाव किलो, चेरी, टूटीफ्रूटी, तयार मार्झिपान (काजू-साखरेची साच्यातली मिठाई), चॉकलेटं, आणि मग मैदा-साखर-तूप-तेल वगैरे. यादी पूर्वापार चालत आलेली आहे, दरवर्षी तीच उतरवली जाते.

खमंग (२३ नोव्हेंबर, सकाळी ९:०२)

सापडला चोर. करंजीच्या सारणात आणि केकात काजूचे शेवटी तुकडेच होणार असतील तर अख्खा काजू घेऊन सुरीने तोडायचा कशाला?

काजूच्या डब्यावर २४०, ३२० असे आकडे असतात. एका पाउंडात अंदाजे किती काजू बसतात तो हा आकडा. आकडा जितका लहान तितका काजू मोठा आणि महाग. चव तीच. त्याखाली पाकळी म्हणजे उभा दुभंगलेला, आणि त्याखाली तुकडा. केक आणि सारणासाठी तुकडाच मागा. फक्त अगदी बारीक चुरा घेऊ नका: त्यात भुकटी जास्त असते, ती तुपात लगेच करपते आणि खवट वास लवकर धरते. घेण्याआधी दोन दाणे चावून पाहा. खवटपणा जिभेच्या मागच्या बाजूला कळतो.

तुमच्या एकूण मालाला ४०० ग्रॅम तुकडा पुरे. १ किलो अख्खा १,००० ने घेण्याऐवजी ४०० ग्रॅम तुकडा ८०० च्या भावाने ३२० ला. इथेच ६८० वाचले, एकही ताट न कापता.

खसखशीच्या जागी भाजलेले पांढरे तीळ. सारणात खसखस कुरकुरीतपणासाठी असते, ते काम तीळ करतात. फक्त तीळ फुटायला लागले की लगेच उतरवा, नाहीतर कडू होतात.

वसईची_वाट (२३ नोव्हेंबर, सकाळी ९:३०)

खमंग +१, पण मार्झिपानमध्ये तुकडा चालला तरी जुना काजू चालत नाही, रंग पिवळट येतो. २५० ग्रॅम काजू, २५० ग्रॅम पिठीसाखर, एका अंड्याचा पांढरा भाग आणि चार थेंब बदाम इसेन्स. मंद आचेवर गोळा कढईची कड सोडेपर्यंत ढवळायचं. काजू आधी फ्रीजमध्ये गार करून थांबत थांबत दळा. सलग मिक्सर फिरवला की तेल सुटतं आणि साच्यातून तुकडा अखंड निघत नाही. बाहेरच्या तयार मार्झिपानच्या निम्म्यात होतं.

मोसंबी (२३ नोव्हेंबर, सकाळी १०:१२)

चेरीबद्दल एक गंमत. किराणा दुकानात लाल-हिरवी 'चेरी' म्हणून जी मिळते ती बहुतेक वेळा पाकात मुरवून रंगवलेली करवंदं असतात, आणि टूटीफ्रूटी म्हणजे कच्ची पपई. वाईट काही नाही त्यात, पण सुक्यामेव्याच्या भावाने घेऊ नका.

संत्र्याच्या सालीला तर पैसेच पडत नाहीत. नागपुरी संत्र्याचा आंबिया बहार ऑक्टोबर ते डिसेंबर बाजारात असतो, म्हणजे नेमका आपल्या वेळेला. साल सोलून आतला पांढरा भाग चमच्याने खरवडून काढायचा, कडवटपणा तिथे असतो. मग बारीक पट्ट्या करून तीनदा उकळायच्या, दर वेळी पाणी ओतून द्यायचं. नंतर सालीच्या वजनाइतकी साखर आणि बुडेल एवढं पाणी घालून मंद आचेवर साल पारदर्शक होईपर्यंत शिजवायची. चाळणीवर दोन दिवस सुकवून डब्यात भरायची. ५०० ग्रॅम सुक्यामेव्याच्या मिश्रणात १०० ग्रॅम ही साल घातली तर तेवढा महाग माल कमी लागतो आणि केकला वास फार सुरेख येतो.

बेदाणे सांगली-तासगावचे घ्या. नवा माल फेब्रुवारी-मार्चपासून येतो, त्यामुळे डिसेंबरात शीतगृहातला असतो आणि थोडा काळपट दिसतो. केकात रंग कोण बघतंय? हिरवा लांब बेदाणा ताटात ठेवायला, काळपट केकात.

निवांत (२३ नोव्हेंबर, सकाळी १०:२०)

करवंदं? इतकी वर्षं मी केकवरची चेरी शेवटी खायला राखून ठेवतोय!

शंकासूर (२३ नोव्हेंबर, दुपारी १२:४५)

सुकामेवा रममध्ये किती आणि कधी भिजवायचा? बाटली केवढी घ्यायची? इथे प्रत्येक जण 'बुडेल एवढी' म्हणतो, त्याचा हिशेब लागत नाही.

वसईची_वाट (२३ नोव्हेंबर, दुपारी १:३०)

'बुडेल एवढी' हे बाटली विकणाऱ्याचं माप आहे. सुकामेवा बारीक कापलेला असेल तर १ किलोला ३०० ते ३५० मिली पुरते, म्हणजे ३७५ ची एक बाटली. बरणीत दाबून भरायचा, रम ओतायची आणि पहिला आठवडा रोज बरणी उलटी-सुलटी करायची. वरचा थर कोरडा राहिला की तिथेच बुरशी धरते. चेरी आणि टूटीफ्रूटी भिजवू नका, रंग सुटून सगळं गुलाबी होतं. ती ऐनवेळी घालायची.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भिजवलं की डिसेंबरच्या वीस तारखेपर्यंत छान मुरतं. म्हणजे आत्ताच.

पोळपाट (२३ नोव्हेंबर, दुपारी १:४२)

आणि ज्यांना दारू चालत नाही त्यांनी संत्र्याच्या रसात पाच मिनिटं उकळून, रात्रभर झाकून ठेवून दुसऱ्या दिवशी केक करावा. हे मात्र आठवडाभर मुरवायला जाऊ नका, रस आंबतो.

निवांत (२३ नोव्हेंबर, दुपारी १:५०)

परवान्याचे पैसे कुठल्या रकान्यात लिहायचे, केक की औषधपाणी?

तराजू (२३ नोव्हेंबर, दुपारी ३:१०)

भिजवलेल्या सुक्यामेव्याचं लिहिलंच आहे तर केक बिघडण्याचंही लिहून टाकतो, कारण एक केक वाया गेला की साडेसहाशे रुपये गेले. २५० ग्रॅम मैदा, २५० लोणी, २५० साखर, ५ अंडी, ५०० ग्रॅम सुकामेवा आणि १०० ग्रॅम साखर जाळून केलेलं कॅरॅमल, याचा दीड किलो केक होतो.

सुकामेवा तळाशी बसतो तो दोन कारणांनी: रम न निथळता ओतली म्हणून मिश्रण पातळ झालं, किंवा तुकडे मोठे राहिले. चाळणीत अर्धा तास निथळा, मोजलेल्यातलाच दोन चमचे मैदा त्यावर भुरभुरवा. कॅरॅमल गरम असताना ओतलं तर लोणी वितळतं आणि फेटून भरलेली हवा निघून जाते, केक विटेसारखा दडस होतो. फ्रीजमधली अंडी थेट घातली की लोणी फुटतं. सगळं घरातल्या तापमानाला आलं पाहिजे. घरच्या ओव्हनला १६० अंशांवर सव्वा ते दीड तास, वरून लाल झाला की फॉइल झाकायची.

भट्टीची_राख (२३ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:०५)

बेकरीच्या भट्टीत केक देणाऱ्यांसाठी. नंबर २० तारखेच्या आत लावा. २२ ते २४ भट्टीवर रांग असते आणि तुमचा डबा दोन तास तसाच पडून राहतो. बेकिंग पावडर ओली झाली की काम करायला लागते. भट्टीत जाईपर्यंत तिचा जोर संपलेला असतो, मग केक फुगत नाही आणि घरी येऊन मैद्याला शिव्या. बेकरीवाल्याला वेळ विचारून मग घरून निघा, किंवा कोरडं आणि ओलं वेगवेगळं न्या आणि तिथेच कालवा.

मजुरी कुठे किलोवर, कुठे पत्र्यावर घेतात. पत्र्यावर असेल तर नानकटाईचा पत्रा गच्च भरेल एवढाच माल न्या, अर्ध्या पत्र्याची मजुरीही पूर्णच पडते. १ किलो मैद्याला ६०० ग्रॅम तूप आणि ६०० ग्रॅम पिठीसाखर. तुपाऐवजी बाजारचं लोणी वापरलंत तर त्यातल्या पाण्यामुळे नानकटाई कडक होते. डब्याला नंबर तारेने बांधा. कागद जळतो, आणि मग दोन घरांत एकाच केकवरून भांडण.

खमंग (२३ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३०)

दडस केक वाया नाही हो जात, कुस्करून रम बॉल करतात. पण मुद्दा मान्य.

कोपऱ्यावरचा_किराणा (२३ नोव्हेंबर, रात्री ८:१०)

दुकानदाराच्या बाजूने चार गोष्टी.

तेलाच्या पिशव्यांची वजनं सारखी नसतात. एक लिटर तेल म्हणजे ९१० ग्रॅम. शेजारी ठेवलेली तशीच दिसणारी स्वस्त पिशवी ८५० किंवा ८०० ग्रॅमची असते. पाकिटावर एमआरपीजवळ प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो किंमत छापलेली असते, तुलना तिची करा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून लोणी, तूप, चीज आणि बदाम-पिस्त्यांसारख्या सुकामेव्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, केक-बिस्किटं-चॉकलेटांवरचा १८ वरून ५. जुन्या वहीतला भाव घेऊन बजेट मांडत असाल तर या ओळी नव्याने मांडा.

मैदा आणि रवा आत्ता भरू नका, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात घ्या. महिनाभर डब्यात राहिला की अळ्या-जाळी धरायची शक्यता, आणि भावात फार फरक पडत नाही. सुकामेवा मात्र दिवाळीची भेटखोकी संपल्यावर घ्या, तेव्हा घाऊकवाला घासाघीस ऐकून घेतो.

अंडी थंडीत महाग होतात, खप वाढतो म्हणून. तीसचा ट्रे १५ तारखेच्या आसपास घेऊन फ्रीजमध्ये ठेवला तर आरामात टिकतो. न धुता ठेवा.

वाटी_चमचा (२३ नोव्हेंबर, रात्री ९:००)

अंड्यांवरून आठवलं. अधिक मास आलेल्या वर्षी मार्गशीर्ष नाताळावर येतो. अशा वेळी शेजारच्या ताटांत अंड्याचा केक गेला तर तो तसाच पडून राहतो. कोणाकडे काय चालतं ते आधी विचारा, त्या ताटांत केकऐवजी दोन करंज्या जास्त. ते ताट उलट स्वस्तच पडतं.

पोळपाट (२३ नोव्हेंबर, रात्री ९:१२)

आणि करंज्यांची तळणी आधी, मग बाकीचं. अंडं न चालणाऱ्या घरांना ते लागतं.

अगम्य_हिशेब (२४ नोव्हेंबर, सकाळी ७:५०)

भरपूर मिळालं. फराळ सुटला. आता जेवण. मटण बिर्याणी, ३ किलो मटण धरलं आहे.

खाटीकगल्ली (२४ नोव्हेंबर, सकाळी ९:२५)

१४ जणांत चार मुलं म्हणजे बारा माणसांचं जेवण धरा. बारा जणांना पाव किलोप्रमाणे ३ किलो, आकडा बरोबर आहे. पण खर्च इथेच आहे. ८०० च्या भावाने २,४०० झाले. त्याऐवजी २ किलो कोंबडीची बिर्याणी (२४० ने ४८०) आणि १ किलो मटणाचा रस्सा किंवा सुकं (८००) केलंत तर १,२८०. वाचले १,१२०. दहा ताटं कापून ८०० वाचणार होते!

मटण घेताना नुसतं 'एक किलो द्या' म्हणू नका. रश्श्याला खांदा आणि चाप, किलोला २२ ते २५ तुकडे. मांडी दिसायला छान, पण रश्श्यात कोरडी पडते. 'मिक्स' म्हटलं की मान आणि नळ्या जास्त येतात. वजन चरबी काढण्याआधी करतात की नंतर, तेही विचारा. १०० ग्रॅमची चरबी टोपलीत गेली म्हणजे ८० रुपये गेले.

कोंबडीला जिवंत वजनाचा भाव आणि सोललेल्याचा भाव वेगळा. दीड किलोच्या कोंबडीतून सोलून किलोभर हाती लागते. जिवंतचा भाव कमी दिसतो म्हणून हुरळून जाऊ नका. बिर्याणीला किलोचे १२ ते १४ तुकडे सांगा. त्याहून बारीक केले की दमाला चुरा होतो.

नाव २० तारखेपर्यंत नोंदवून ठेवा आणि २३ ला संध्याकाळी उचला. २४ ला रांग लांब असते आणि निवड करायला वाव नसतो.

निखारा (२४ नोव्हेंबर, सकाळी १०:००)

सपशेल असहमत. नाताळच्या दिवशी कोंबडीची बिर्याणी? ती रविवारी होते. काटकसर करायची तर चॉकलेटं काढा, थंड पेयं काढा. मटण काढू नका.

खाटीकगल्ली (२४ नोव्हेंबर, सकाळी १०:१८)

निखारा, मटण काढलं कुठे? पानात आहेच, ढीग नाही एवढंच. एवढंच असेल तर खिमा करा. १ किलो खिम्याला दीड किलो उकडलेल्या बटाट्याचं आवरण, २५ पॅटिस होतात. प्रत्येकाला दोन जवळपास पुरतात आणि मटण खाल्ल्याचं समाधानही मिळतं. खिमा पूर्ण कोरडा परता आणि गार करून भरा, पाणी राहिलं की तव्यावर पॅटिस फुटतं. आणि खिमा डोळ्यांसमोर काढून घ्या.

वसईची_वाट (२४ नोव्हेंबर, सकाळी ११:०५)

आमच्या ईस्ट इंडियन (मुंबई-वसईकडच्या मूळच्या ख्रिस्ती) घरांत २५ तारखेच्या पानावर पोर्कचं इंद्याल, सोरपोतेल आणि फुग्या (मैद्याचं पीठ फुगवून तळलेले गोळे). डुक्कर ज्यांना चालतं त्यांच्यासाठी हा स्वस्ताईचाही मार्ग आहे. सोरपोतेलमध्ये काळीज, हृदय वगैरे असतं, ते मांसापेक्षा स्वस्त मिळतं. दोन्हींत व्हिनेगर असल्यामुळे २२-२३ लाच करून ठेवतात, रोज एकदा खळखळून उकळी द्यायची नाहीतर फ्रीजमध्ये ठेवायचं. तिसऱ्या दिवशी चव चढते. म्हणजे २४ च्या गर्दीशी आणि भावाशी तुमचा संबंधच राहत नाही. बॉटल मसाला उन्हाळ्यातच करून बाटल्यांत ठासून भरलेला असतो, त्यामुळे मसाल्याची ओळ डिसेंबरच्या हिशेबात येत नाही.

फुग्यांना १ किलो मैद्याच्या साधारण ६० होतात. थंडीत पीठ फुगायला तास-दीड तास जास्त लागतो. घाई करून यीस्ट वाढवलं की आंबूस वास येतो. भांडं गरम पाण्याच्या परातीत ठेवा.

शंकासूर (२४ नोव्हेंबर, सकाळी ११:३०)

तांदूळ किती? किलोला किलो?

खाटीकगल्ली (२४ नोव्हेंबर, सकाळी ११:४१)

बारा माणसांना सव्वा किलो जुना बासमती. सोबत रस्सा, कोशिंबीर, फराळ असताना माणशी १०० ग्रॅमच्या वर कच्चा तांदूळ जात नाही. तळलेल्या कांद्यासाठी १ किलो कांदा धरला तर पाव किलोच्या थोडा वरच बरिस्ता मिळतो. २० तारखेला तळून हवाबंद डब्यात ठेवा. तयार बरिस्त्याची पाकिटं महाग पडतात.

सुगरण_नाही_मी (२४ नोव्हेंबर, दुपारी २:१५)

कॅरलच्या मंडळींसाठी कोणीच काही सांगितलं नाही. रात्री अकरा वाजता २५ माणसं येतात आणि आपण सगळा फराळ मांडतो. त्या वेळी गोड कोणी खात नाही. अर्धवट खाऊन उरतं.

चिवडा १ किलो (माणशी ४० ग्रॅम), केकचा पातळ काप ३० ग्रॅमचा, आणि चहा. दहा घरी चहा प्यायलेले असतात, अर्धा कप पुरतो. दीड लिटर दूध. चिवडा १८०, केक ३३०, चहा १४०. साडेसहाशेत होतं. वाटीत वाढून द्या, परात मध्ये ठेवली की चिवडा सतरंजीवर जास्त सांडतो.

निवांत (२४ नोव्हेंबर, दुपारी २:२२)

आमच्या मंडळीला मिरचीची भजी द्या, पुढच्या घरी गाण्याची पट्टी आपोआप वर जाते.

तराजू (२४ नोव्हेंबर, दुपारी ४:५०)

'इतर २,२००' या ओळीकडे कोणाचं लक्ष नाही. सगळ्यात गळका डबा तोच आहे. त्यात काय काय येतं ते आधीच लिहून काढा: दही १ किलो, दूध ४ लिटर, लिंबं, कोथिंबीर-पुदिना, बर्फ, थंड पेयं, कागदी डिशा, बटर पेपर, फॉइल. यातलं कागदी सामान आणि पेयं १५ तारखेच्या आत घाऊक दुकानातून घ्या. मग २३-२४ साठी फक्त दूध, दही, भाजी, बर्फ उरतं. त्यासाठी वेगळं पाकीट ठेवा, ५०० रुपये. बाजारात जाणाऱ्याने त्या दोन दिवसांत तेवढेच खिशात घालायचे आणि फोनवरून पैसे द्यायचे नाहीत. एकूण ओळ १,५०० च्या वर जायचं कारण नाही.

शेवटच्या दिवशी लहान पाकिटं घ्यावी लागतात. २०० मिलीचं क्रीम, १०० ग्रॅमचं लोणी. किलोमागे भाव काढून पाहा म्हणजे कळेल.

बायको_विचारतेय (२४ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:३०)

हे सगळं करण्यापेक्षा बचत गटाला ऑर्डर देऊन टाकावी असं एक मत घरात आहे.

खमंग (२४ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:५५)

द्यावी की, पण सगळ्याची नको. चकली, चिवडा, अनारसे बाहेरून घेतले तर वेळ वाचतो आणि फार महाग पडत नाही. अनारशाचं पीठ जमलं नाही तर तुपासकट वाया जातं, ते त्यांनाच करू दे. करंजी आणि केकमध्ये मात्र महाग माल असतो, तिथे घरचं आणि बाहेरचं यातला फरक सारणात दिसतो. ऑर्डर देताना नगावर नको, वजनावर द्या, आणि तेल कोणतं ते विचारा.

अगम्य_हिशेब (२५ नोव्हेंबर, सकाळी ८:३५)

सुधारित हिशेब मांडतो, चूक असेल तर सांगा.

काजूत ६८० कमी. मटण ३ किलोऐवजी १ किलो मटणाचं सुकं आणि २ किलो कोंबडीची बिर्याणी, १,१२० कमी (निखारा, क्षमस्व). कॅरलमध्ये ३५० कमी. इतरमध्ये ७०० कमी. एकूण २,८५०. म्हणजे १२,००० चे ९,१५० झाले आणि ताटं वीसच्या वीस आहेत. खसखस आणि तयार मार्झिपान अजून काढलेलं नाही, तेही निघेल. उरलेले ८५० राखीव, खोबऱ्या-तुपाच्या भावासाठी.

खरेदीचे तीन टप्पे: या शनिवारी सुकामेवा आणि रम. १२-१३ डिसेंबरला मैदा, साखर, तूप, तेल, कागदी सामान, अंडी. २३ ला मटण-कोंबडी, २४ ला दूध-दही-भाजी.

निखारा (२५ नोव्हेंबर, सकाळी ८:५०)

क्षमा नाही. पण राखीव ८५० मध्ये एक किलो मटण बसतं, एवढंच सुचवतो.

तराजू (२५ नोव्हेंबर, सकाळी ९:१५)

बेरीज बरोबर. फक्त राखीव रक्कम २३ च्या संध्याकाळपर्यंत काढू नका, निखाराचं ऐकायचं असेल तर तेव्हा ऐका. आणि यादीत 'डबे' लिहिलेले दिसत नाहीत. वीस कागदी डबे ताटाच्या खर्चात धरले होते, पण आणायचे कधी ते ठरवा. २० तारखेनंतर हवा तो आकार मिळत नाही.

भट्टीची_राख (२५ नोव्हेंबर, सकाळी ९:४०)

भट्टीचा नंबरही नाही लिहिलेला. १२-१३ ला बाजारात जालच, तेव्हाच बेकरीत डोकावून २० ची सकाळची वेळ मागून घ्या. सकाळी नको म्हणाले तर दुपारी पाव निघाल्यानंतरची मागा, तेव्हा भट्टी निवत आलेली असते. केकला तीच आच लागते. नानकटाई त्याच फेरीत द्यायची असेल तर पत्रा दाराजवळ ठेवायला सांगा.